ज्याचं सुतक लागत नाही

ताई,
मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात हॉस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करते. चार महिन्यांपूर्वी रूममेटने मला सातोशी कोन या जपानी दिग्दर्शकाचा अ‍ॅनिमे सिनेमा दाखवला. त्या रात्री झोप लागली नाही. मग एकेक करत पुढचे पाहिले. चौथा बघताना मध्येच थांबून शोधलं, की याचा नवीन सिनेमा कधी येतोय. तेव्हा कळलं, की तो २०१० मध्येच गेला, स्वादुपिंडाच्या कॅन्सरने, वयाच्या ४६व्या वर्षी. मी तेव्हा सात वर्षांची होते. जाण्याआधी त्याने लिहिलेलं निरोपाचं पत्र वाचलं आणि रडू आवरेना. तो चौथा सिनेमा, ‘टोकियो गॉडफादर्स’, शेवटची वीस मिनिटं राखून बंद केलाय, अजून उघडलेला नाही. बघितला, की संपलंच ना सगळं.
सुट्टीत घरी आईला सांगितलं, तर म्हणाली, "कार्टून काढणारा कुणी जपानी, त्याच्यासाठी जेवण टाकून बसलीस?" आजोबा म्हणाले, "आता त्याचं सुतक पाळायचंय का?" एक मित्र म्हणतो, त्याचा अर्धवट राहिलेला सिनेमा एआयकडून पूर्ण करून घ्यावा, रडत काय बसायचं. ते ऐकून राग आला, पण खरंच कुणी केला तर मी बघेनच, हेही मला माहीत आहे.
मी वेडी आहे का ताई? गेल्या वर्षी माझा मामा याच आजाराने गेला. माझी परीक्षा होती म्हणून मला आठ दिवसांनी सांगितलं. तेव्हा मी इतकी रडले नव्हते. त्याचीच जास्त लाज वाटते.
— एक वाचक, पुणे

प्रिय मुली,

तू वेडी नाहीस. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू मोकळ्या मनाने वाचशील.

आजोबांनी सुतकाचा विषय काढला ते एका परीने बरंच झालं. घरातलं माणूस गेलं, की काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. चूल पेटत नाही, शेजारच्या काकू पिठलं-भाताचं पातेलं आणून ठेवतात. भेटायला येणारे तेच तेच विचारतात, कसं झालं, कधी कळलं, शेवटी काही बोलले का, आणि आपण तीच हकीकत दहा जणांना दहा वेळा सांगतो. सांगून सांगून तिची धार थोडी कमी होते. मग दहावा, तेरावा, गोडाचं जेवण, आणि घर हळूहळू कामाला लागतं. ज्याने आपल्याला कधी पाहिलंही नाही, अशा माणसाच्या जाण्याला यातलं काहीच नसतं. तुझ्या खोलीवर कुणी पिठलं-भात घेऊन आलं नाही. ‘कसं झालं गं?’ असं एकानेही विचारलं नाही. त्यात तो जाऊन इतकी वर्षं झालेली. जगाचं रडून झालंय आणि तू एकटीच आत्ता बातमी ऐकून बसली आहेस. पण लांबच्या गावी बातमी उशिरा पोचली, तरी ऐकणारा ऐकल्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतोच. किती उशीर झाला म्हणून ते टाळत नाहीत. आजोबांना विचारून बघ, तेच सांगतील.

आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. मीही एकदा असंच बोलून बसले आहे, आणि तेही माझ्या आईला. २००४ च्या डिसेंबरातली गोष्ट. आई खाली बसून मेथी निवडत होती. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातमी लागली, की लक्ष्मीकांत बेर्डे गेले. आईच्या हातात जुडी तशीच राहिली. "आपला लक्ष्या गेला गं," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "अगं आई, नट होता तो. आपली ना ओळख ना पाळख." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे बाबा रात्रपाळीला असायचे, तुम्ही दोघं लहान. तेव्हा या घरात हसण्याचा आवाज कुणामुळे व्हायचा?" त्या रात्री मेथी काही शिजली नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी पिवळी पडली.

‘आपला’ हा शब्द तिने कुठून आणला, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. तिने त्याला एकदाच, नाटकाच्या प्रयोगात, मागच्या रांगेतून पाहिलं होतं. तूही तुझ्या पत्रात कोनला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेरी हाक मारली आहेस. वडीलधाऱ्यांना अहो-जाहो करणारी मुलगी तू, पण टोकियोतल्या, तुझ्या बाबांच्या वयाच्या माणसाला ‘तो’ म्हणतेस, आणि ते मला जराही खटकलं नाही. आपण लतादीदींना दीदी म्हणतो, स्मिता पाटीलला नुसतं स्मिता म्हणतो. ज्याने आपल्या एकटेपणात सोबत केली, त्याला आपण मानाच्या शब्दांनी लांब बसवत नाही. तुझ्या आईचंही असं कुणीतरी असेलच. पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा तिला विचार, ‘आई, तू कुणासाठी रडली होतीस?’ वाद घालायला नको, नुसतं विचार. आणि ती सांगेल ते पूर्ण ऐकून घे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते, म्हणजे ही मुलगी कुणासाठी रडते आहे ते कळेल. सातोशी कोनचा जन्म १९६३ चा, जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा. चित्रकलेचं शिक्षण घेतलं, आधी मांगा म्हणजे चित्रकथा काढल्या, मांगाकार आणि दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोच्या हाताखाली काम केलं. १९९७ मध्ये पहिला सिनेमा आला, ‘परफेक्ट ब्लू’. मग ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’, २००३ मध्ये ‘टोकियो गॉडफादर्स’, मधे तेरा भागांची एक मालिका, आणि २००६ मध्ये ‘पाप्रिका’. बस. चारही सिनेमांची लांबी मी एकदा मांडून बेरीज केली, ३५० मिनिटं भरली. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस सांगलीला पोचून जेवायला बसेल, तेवढ्या वेळात या माणसाचे सगळे सिनेमे संपतात. ज्यांना वाटतं, की अ‍ॅनिमे म्हणजे पोरांना गप्प बसवायचं साधन, त्यांनी यातला कुठलाही एक बघावा. ‘परफेक्ट ब्लू’ मात्र घरात लहान मुलं जागी असताना लावू नये, तो मोठ्यांचाच सिनेमा आहे.

आता त्या पत्राबद्दल. तू म्हणतेस ते वाचून रडू आवरेना. मीही वाचलंय, आणि माझंही तेच झालं. १८ मे २०१० ला डॉक्टरांनी सांगितलं, बायको शेजारी होती. आजार शेवटच्या टप्प्यावर, हाडांत पसरलेला, हातात फार तर अर्धं वर्ष. प्रत्यक्षात तीन महिने आणि काही दिवस मिळाले. २४ ऑगस्टला तो गेला. त्या दिवसांत त्याने काय केलं ते तो इतकं साधं लिहितो, की वाचताना आपणच त्या खोलीत उभे आहोत असं वाटतं. मृत्युपत्र केलं. बायकोचे हाल होऊ नयेत म्हणून आपल्या कामाचे हक्क सांभाळायला एक छोटी कंपनी काढली. मरायचं तर घरीच, असं ठरवून हॉस्पिटलमधून घरी आला.

त्या पत्रातल्या दोन जागांपाशी मी दर वेळी थांबते. पहिली त्याच्या आईची. म्हातारे आईवडील सापोरोहून त्याला भेटायला आले. त्याला बघताच आईच्या तोंडून निघालं ते असं, की मला माफ कर, तुला धडधाकट शरीर देऊन जन्माला घालता आलं नाही मला. तो लिहितो, की त्यावर काय बोलावं ते त्याला सुचेना. जगातल्या कुठल्याही आईच्या तोंडी हे वाक्य घाल, सांगलीतल्या घाल, तस्संच बसतं.

दुसरी जागा मारुयामांची. मासाओ मारुयामा हे त्याचे निर्माते, मॅडहाउस स्टुडिओतले, त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. कोनचा पाचवा सिनेमा, स्वप्न बघणाऱ्या यंत्राचा, अर्धवट होता. त्यात माणूस एकही नव्हता, सगळे रोबो, आणि या खेपेला लहान मुलांनीही बघावा असा सिनेमा करायचा त्याचा मानस होता. त्याला सर्वात जास्त टोचणी होती ती या सिनेमाचीच, कारण पुढचं बरंचसं फक्त त्याच्या डोक्यात होतं. मारुयामा घरी आले, त्याने ती काळजी बोलून दाखवली, आणि ते म्हणाले, काही झालं तरी आम्ही बघून घेऊ, तू काळजी करू नकोस. हे ऐकून तो मोठ्याने रडला, असं त्याने स्वतःच लिहिलंय. धीर देणाऱ्या मोठ्या माणसापुढे रडता येणं, हे सुख शेवटच्या दिवसांत त्याला मिळालं याचं मला बरं वाटतं.

आणि मग ती शेवटची ओळ. जगात जे जे चांगलं आहे त्या सगळ्याचे आभार मानून तो लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, "बरं, मग, ओ-साकी नी." तू जपानी शिकत असशील तर तुला कळलं असेलच. जपानी ऑफिसात संध्याकाळी कुणी इतरांच्या आधी निघालं, की टेबलावरचं आवरून, जरा वाकून, हेच म्हणतं. तुमचं चालू द्या, मी जरा आधी निघतो. इतका रोजचा, इतका कामाच्या जागेचा शब्द. आपल्याकडे दारातून बाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हण अशी लहानपणी ताकीद मिळते. म्हातारी माणसं तर चप्पल घालता घालता चुकून ‘जातो’ म्हणाली, तर लगेच परत ‘येतो’ म्हणतात. कोनने निघताना तसाच, रोजच्या वापरातला शब्द निवडला. तो वाचला, की उरलेले आपण सगळे अजून कामावर आहोत, एवढंच त्यातून समजतं.

इथे मला तुझ्या मामाबद्दल बोलायचं आहे. तू ते पत्राच्या शेवटी लिहिलंस, पण तेच वाचून मी हे पत्र उत्तरासाठी बाजूला काढलं. कुणी तुला म्हणेल, की बघ, तू खरी मामासाठीच रडते आहेस, तो दिग्दर्शक निमित्तमात्र. मी असं म्हणणार नाही. कोनचं दुःख कोनचंच आहे, त्याला दुसऱ्या कुणाच्या नावावर चढवायची गरज नाही. पण एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. मामा गेला तेव्हा तुला सांगितलं गेलं नाही. परीक्षेचा विचार करून, मायेपोटीच, पण सांगितलं नाही. तू पोचलीस तेव्हा घरात सगळ्यांचं रडून झालेलं होतं. मामाने निघताना तुला ‘येतो’ म्हटलं नाही, की तू त्याला ‘ये’ म्हणाली नाहीस. आणि मग त्याच आजाराने गेलेल्या, हजारो किलोमीटरवरच्या एका माणसाने निरोप कसा घेतात ते ओळ न् ओळ लिहून ठेवलेलं तुझ्या हाती लागलं. तेव्हा रडू आलं यात लाज कसली? तेव्हा रडायला कुणी जागाच दिली नव्हती तुला.

आणखी एक. कोननेही आपलं दुखणं बहुतेक सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं. पत्रात तो त्याबद्दल हात जोडून माफी मागतो. कितीतरी जणांना भेटायचं होतं, एकेकाला भेटून आभार मानायचे होते, पण तेवढं बळ उरलं नव्हतं, आणि वाळून गेलेलं आपलं रूप लोकांना दाखवायचंही नव्हतं. हे वाचल्यावर मला माझ्या ओळखीतली अशी दोन-तीन माणसं आठवली, ज्यांनी आजारपणात कुणाला दारात येऊ दिलं नाही आणि ज्यांच्यावर मी मनातून रुसले होते. तुझ्या मामानेच ‘पोरीला सांगू नका, पेपर होऊ देत’ असं म्हटलं नसेल कशावरून? मामीला विचार. नुसता फोन नको, जाऊन भेट. कसं झालं, शेवटी काय बोलला, हे सगळं विचार. वर्ष उलटलंय, तरी ती सांगेल. अशा प्रश्नाची बायका फार वाट बघतात गं, कारण महिन्याभरानंतर त्यांना कुणी विचारायचं बंद करतं.

आता तुझ्या मित्राकडे आणि त्याच्या एआयकडे येते. तो मनाने वाईट नसणार, त्यालाही तो सिनेमा हवा आहे. पण कोनच्या सिनेमांत दोन चाहते आहेत, ते तुझ्या लक्षात असतील. ‘परफेक्ट ब्लू’ मधला पहिला. मिमा गाण्याच्या कार्यक्रमात स्टेजवर नाचते आहे आणि तो लांब उभा राहून हात पुढे करतो, असा, की ती चिमुकली होऊन त्याच्या तळव्यावर नाचताना दिसावी. ते दृश्य मी विसरू शकत नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, असं त्याला वाटतं. आपणही मायेने म्हणतोच ना, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पण मिमा गाणं सोडून नटी होते, बदलते, तेव्हा तो ते सहन करू शकत नाही. त्याला हवी ती मिमा त्याच्या तळव्यावरची, कायमची तशीच. पुढे तो कुठल्या थराला जातो ते तू पाहिलं आहेसच.

दुसरा चाहता ‘मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस’ मधला गेन्या. पोट सुटलेला, भावुक, नटी चियोकोचं नाव निघालं की डोळ्यांत पाणी आणणारा. तिची हरवलेली किल्ली त्याने कितीतरी वर्षं जपून ठेवली आहे, आणि तिच्यावर माहितीपट करायला येतो तेव्हा ती तिला परत देतो. मग ती बोलू लागते आणि तो ऐकत बसतो. तिच्या आठवणींमध्ये शिरतो, चिलखत घालून तिला वाचवायला धावतो, पण गोष्ट तिचीच राहते. ती जन्मभर ज्या माणसामागे धावली त्याचं काय झालं हे त्याला कळलेलं आहे, तरी तिच्यापुढे तो त्याचा उच्चार करत नाही. तिचं धावणं तिचं आहे, हे त्याला कळतं. मला वाटतं, अ‍ॅनिमेत चाहत्याचं इतकं प्रेमळ चित्र दुसरं कुणी काढलं नसेल. आणि हे दोन्ही चाहते एकाच माणसाने, पाठोपाठच्या दोन सिनेमांत काढले. आपल्यावर माया करणारी माणसं काय काय करू शकतात, याचा त्याने किती खोल विचार केला असेल!

अर्धवट राहिलेल्या सिनेमाचं पुढे काय झालं तेही सांगते. मारुयामांनी शब्द दिला होता. साधारण पंधराशे शॉटपैकी सहाशेचं अ‍ॅनिमेशन झालेलं होतं, पटकथा होती, स्टोरीबोर्ड होता. वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी मॅडहाउस सोडून मापा हा नवा स्टुडिओ काढला. काही वर्षं पैसा आणि योग्य दिग्दर्शक शोधत राहिले, आणि शेवटी थांबले. त्यांचं म्हणणं असं, की दुसरा कुणी चांगला दिग्दर्शक घेतला तर सिनेमा चांगलाच होईल, पण तो त्या दिग्दर्शकाचा होईल. नक्कल केली तर ती नक्कल म्हणून दिसेल. हा सिनेमा कोनचाच असायला हवा, आणि कोन नाही. ज्याच्यापुढे बसून तो माणूस रडला होता, त्याच माणसाने हे म्हणणं किती जड गेलं असेल याची कल्पना कर. दिलेला शब्द पुरा करायला त्यांच्याकडे सहाशे शॉट होते. तरी त्यांनी तळहात पुढे केला नाही, किल्ली जपून ठेवली. तुझ्या मित्राला हे सांग, माझ्यापेक्षा मारुयामांचं म्हणणं त्याला पटेल. आणि उद्या कुणी यंत्राकडून तसलं काही केलंच आणि तू ते पाहिलंस, तर स्वतःला बोल लावू नकोस. बघावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. पण ते बघून झाल्यावर तुला आत्तापेक्षा जास्त एकटं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

राहिली ती वीस मिनिटं.

तू ती का ठेवली आहेस ते मला कळतं. लहानपणी दिवाळीतला शेवटचा अनारसा मी डब्यात लपवून ठेवला होता, तुळशीच्या लग्नापर्यंत. काढला तेव्हा बुरशी आली होती. सिनेमाला बुरशी येत नाही हे खरं, पण ठेवून ठेवून तुझ्या मनात तो सिनेमा आता सिनेमा उरलेला नाही, नुसतं कुलूप झालंय. आणि तो कोणता सिनेमा, तर ‘टोकियो गॉडफादर्स’! नाताळच्या रात्री टोकियोत कचऱ्याच्या ढिगात तीन बेघर माणसांना एक तान्हं बाळ सापडतं. दारूच्या आहारी गेलेला गिन, बाई म्हणून जगणारी आणि आई व्हायची आस असलेली हाना, आणि घरातून पळून आलेली शाळकरी मियुकी. तिघांचं एकमेकांशी क्षणभर पटत नाही आणि तिघं त्या बाळाच्या आईचा शोध घेत बर्फातून फिरतात. कोनच्या चारही सिनेमांत हा सगळ्यात उबदार. शेवट मी सांगत नाही. पण जो माणूस शेवटच्या दिवसांत जगातल्या चांगल्याचे आभार मानत होता, तो तुला तिथे अर्ध्या वाटेवर ताटकळत ठेवणार नाही, एवढा भरवसा ठेव.

आणि तो एकटीने बघू नकोस. तू आत्तापर्यंत सगळं एकटीने केलंस, हेडफोन लावून, हॉस्टेलच्या कॉटवर. सांगलीला जा. आईला घेऊन बस, आजोबांनाही बोलाव. पहिल्यापासून लाव. सबटायटल इंग्रजीत पळतात, आईला तेवढ्या वेगाने वाचता येणार नाही, म्हणून तू मराठीत सांगत जा. अधूनमधून थांबव. हाना मधेच हायकू म्हणते, ते मराठीत सांगताना तुझी तारांबळ उडेल, उडू दे. एकेक वाक्य आईला कसं सांगावं याचा विचार करताना तुला कळेल, की कोणतं वाक्य त्याने कुठे आणि का ठेवलंय. तू गेन्यासारखी त्या गोष्टीच्या आत शिरशील. आणि चहाची वेळ झाली तर खुशाल उठा, सिनेमा कुठे जात नाही.

आईने मधेच काही बोलून हिरमोड केला, तर एक दिवस जाऊ दे, पुन्हा लाव. मला वाटतं, ती हानावर जीव लावेल. आपलं पोर नसताना दुसऱ्याच्या पोराला छातीशी धरणारी बाई कुठल्याही आईला कळते, मग ती जपानी असो, चित्रातली असो.

सगळं संपलं, की एवढं मात्र कर. त्याने २००७ मध्ये एक छोटी फिल्म केली होती, अवघ्या एका मिनिटाची. त्याचं पूर्ण झालेलं शेवटचं काम तेच. एक मुलगी सकाळी उठते. अंग उठलंय, पण मन अजून अंथरुणातच लोळतंय, म्हणून एकीच्या दोघी होतात, एक पुढे आणि एक मागे. हळूहळू, तोंड धुता धुता, त्या एकमेकींत मिसळतात आणि ती पूर्ण जागी होते. फिल्मचं नाव ‘ओहायो’. जपानीत सकाळी भेटलेल्या माणसाला असंच म्हणतात. ती सगळ्यात शेवटी बघ, दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी.

आणि आई कुठे हसली, ते मला कळव.

तुझी,
ताई